ग्रुप टूरने परदेशी जाताय? आधी तास मोजा

मी आत्तापर्यंत चार ग्रुप टूर केल्या, तीन युरोपच्या आणि एक तुर्कीची, त्यातली एक आईला घेऊन. ओळखीतलं कुणी पहिल्यांदा ग्रुपबरोबर बाहेर निघालं की मला फोन येतो, मग मी तासभर बोलते आणि तरी काहीतरी सांगायचं राहूनच जातं. म्हणून यावेळी सगळं एका जागी लिहून काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

टूर विकली जाते ठिकाणांच्या यादीवर, इतके दिवस, इतके देश, इतकी शहरं, पण तिथे गेल्यावर आपल्या वाट्याला येतात ते तास. यादी लांब असली की छान वाटतं, मलाही वाटायचं, पण यादी जितकी लांब तितके बसमधले तास जास्त आणि प्रत्येक ठिकाणी पाय टेकायला मिळणारा वेळ कमी. हे गणित पैसे भरायच्या आधी करायचं असतं, नंतर करून काही उपयोग नाही.

आयटिनररी (टूरचा दिवसवार कार्यक्रम) वाचायची कशी

एक कागद घ्या, प्रत्येक दिवसाला एक ओळ, आणि त्या दिवशी बस कुठून कुठे जाते ते लिहा. मॅपवर दोन्ही ठिकाणं टाकली की कारने किती तास ते दिसतं, बस त्याहून हळू जाते आणि मध्ये थांबते, म्हणून त्यात निदान पाव हिस्सा वेळ वाढवा. मग जेवणं, हॉटेलमध्ये चेक-इन, पार्किंगपासून चालत जायचं अंतर, वॉशरूमच्या रांगा हे सगळं वजा करा. जे उरेल ते तुमचं फिरणं. माझ्या पहिल्या टूरमध्ये एका दिवशी असं मोजलं असतं तर कळलं असतं की अकरा तासांच्या दिवसातले साडेसहा तास आम्ही बसमध्येच असणार आहोत, पण मी तेव्हा फक्त शहरांची नावं वाचली होती.

पार्किंगचं मुद्दाम सांगते कारण हे कुणी सांगत नाही. युरोपातल्या जुन्या शहरांच्या गाभ्यात मोठी बस जाऊच शकत नाही. व्हेनिसला बस त्रॉन्केत्तो बेटावरच्या पार्किंगला थांबते, तिथून बोटीने सान मार्को या मुख्य चौकाकडे जायचं, आणि परत येताना तेच सगळं उलटं. पिसालासुद्धा बस झुकत्या मनोऱ्यापासून लांब उभी राहते. म्हणजे कागदावर तीन तास लिहिलेत तर त्यातला एक तास येण्याजाण्यातच गेला असं धरून चाला.

मग शब्द बघा. आयटिनररीतला प्रत्येक शब्द तोलून लिहिलेला असतो, आपण मात्र तो घाईत वाचतो. ‘व्हिजिट’ किंवा ‘एंट्रन्स इन्क्लुडेड’ म्हणजे आत जाणार आणि तिकीट त्यांचं. ‘व्ह्यू’ किंवा ‘सी’ म्हणजे बाहेरून बघणार. ‘फोटो स्टॉप’ म्हणजे दहा-पंधरा मिनिटं उतरणार. ‘ड्राइव्ह पास्ट’ किंवा ‘पॅनोरमिक टूर’ म्हणजे बहुतेक वेळ बसमध्ये बसून काचेतून बघणार. ‘ओरिएंटेशन टूर’ म्हणजे एक चक्कर मारून कुठे काय आहे ते दाखवणार. आयफेल टॉवर लिहिलं असेल तर कुठल्या मजल्यापर्यंत ते विचारा, दुसरा मजला साधारण ११६ मीटरवर आहे आणि सगळ्यात वरचा २७६ मीटरवर, दोन्हीची तिकिटं वेगळी. पॅरिसचं लूव्ह्र म्युझियम लिहिलं असेल तर आत की बाहेरच्या काचेच्या पिरॅमिडजवळ, हे विचारा. आमच्या ग्रुपमधल्या एक बाई मोनालिसा बघायला मिळणार म्हणून आल्या होत्या आणि यादीत फक्त पिरॅमिडचा फोटो स्टॉप होता, त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

त्याच्या जोडीला वार तपासा. तुमच्या तारखा घेऊन कॅलेंडर समोर ठेवा. लूव्ह्र मंगळवारी बंद असतं, व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद, व्हॅटिकन म्युझियम महिन्याचा शेवटचा रविवार सोडून बाकी रविवारी बंद, इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद, तिथला ग्रँड बझार रविवारी बंद. चांगली कंपनी हे बघूनच दिवस लावते, पण फ्लाइट बदलली, एक दिवस पुढेमागे झाला की सगळं सरकतं, आणि मग ‘आज बंद आहे, बाहेरून बघू’ असं ऐकावं लागतं. असं झालं तर बदली काय देणार हे आधीच ईमेलवर विचारून ठेवा. आणि आयटिनररी जुनी तर नाही ना तेही बघा. इस्तंबूलच्याच आया सोफियाचं उदाहरण घ्या, २०२० पासून तिथे पुन्हा मशीद आहे आणि २०२४ पासून पर्यटकांना वेगळ्या दाराने तिकीट काढून फक्त वरच्या गॅलरीत जाता येतं. आमच्या यादीत नुसतं ‘व्हिजिट’ होतं, आम्हाला वाटलं खालच्या त्या प्रचंड दालनात उभं राहायला मिळेल. वरूनही ते अप्रतिमच दिसतं, पण आधी माहीत असतं तर बरं झालं असतं.

बुकिंगच्या आधीचे प्रश्न

हे प्रश्न फोनवर विचारू नका, लिहून विचारा आणि उत्तर लिहून घ्या. ग्रुप किती जणांचा? पंचवीस आणि पन्नास यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पन्नास जणांना नुसतं बसमधून उतरून एकत्र उभं राहायलाच दहा मिनिटं लागतात. व्हेनिसने तर २०२४ पासून गाइडबरोबरचे ग्रुप पंचवीस जणांपुरते ठेवलेत आणि लाउडस्पीकरवर बंदी घातलीये, म्हणजे मोठा ग्रुप तिथे विभागावा लागतो. निघण्याची तारीख पक्की आहे की पुरेसे लोक झाले तरच निघणार? हॉटेल कुठे आहे, नुसतं शहराचं नाव नको, एरिया सांगा. ‘ऑर सिमिलर’ लिहिलेलं असतं म्हणजे हॉटेल बदलू शकतं, ते ठीक आहे, पण स्टेशन किंवा मेट्रो चालत अंतरावर असेल का एवढं तरी कळू दे. शहराबाहेर हायवेवरचं हॉटेल असेल तर संध्याकाळी सातला तुमचा दिवस संपला, आणि शहरात असेल तर तिथून पुढे तीन तास तुमचे स्वतःचे. माझ्या मते टूरच्या किमतीत सगळ्यात मोठा फरक हाच असतो आणि त्यासाठी थोडे जास्त पैसे द्यावेत.

एकटे जाणार असाल तर सिंगल सप्लिमेंट, म्हणजे एकट्याच्या रूमचे जादा पैसे, किती, की कंपनी दुसऱ्या कुणाबरोबर रूम शेअर करून देते? टिप किमतीत धरलीये की तिथे वेगळी द्यायची? ऑप्शनल म्हणून काय काय आहे आणि ते नाही घेतलं तर तेवढा वेळ मी कुठे असेन, हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. काही ऑप्शनल असे असतात की ते घेतलं नाही तर तुम्ही दोन तास पार्किंगजवळ बसून राहता, काही असे की नाही घेतलं तर गावात मोकळं फिरता येतं आणि ते जास्त छान असतं.

कॅन्सलेशनचा तक्ता नीट वाचा, निघायच्या किती दिवस आधी रद्द केलं तर किती कापणार. व्हिसा नाकारला गेला तर काय, तेही. युरोपियन युनियनमध्ये विकलेल्या पॅकेजला नियम आहे की किंमत आठ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवली तर प्रवाशाला दंड न भरता रद्द करता येतं. तुम्ही जिथून बुक करताय तिथे हा नियम नसेलही, म्हणून तुमच्या करारात किंमतवाढीबद्दल काय लिहिलंय ते शोधा, ते बहुतेक शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं.

कागदपत्रं

व्हिसाचं काम कंपनी करते म्हणून आपण निर्धास्त असतो, पण पासपोर्ट आपला आणि विमानतळावर थांबवलं तर थांबणार पण आपणच, म्हणून स्वतः तपासा. शेंगेन देशांसाठी (युरोपातले ते देश ज्यांना मिळून एकच व्हिसा चालतो) पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, तिथून निघायच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा आणि दोन पानं कोरी हवीत. बरेच इतर देश सहा महिने मागतात, म्हणून सहा महिने धरूनच चाला. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो, नियमाप्रमाणे निर्णय पंधरा दिवसांत यायचा असतो पण काही केसमध्ये ४५ दिवस लागू शकतात, आणि त्याच्याआधी अपॉइंटमेंट मिळायलाच सीझनमध्ये वेळ जातो. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरो कव्हरचा लागतो. आईच्या वेळी मी इन्शुरन्स टूर कंपनीच्या पॅकेजमधला न घेता वेगळा घेतला कारण तिला आधीपासून बीपी आहे आणि पॅकेजमधल्या पॉलिसीत आधीचे आजार धरलेलेच नव्हते. हे नक्की वाचा, वय जास्त असेल तर तर नक्कीच.

अजून एक, टूर मध्येच शेंगेनच्या बाहेर जाऊन परत आत येत असेल तर व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवा. लंडन जोडलेलं असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा. आणि ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्याऐवजी डिजिटल नोंदणी सुरू झालीये, पहिल्यांदा जाताना फोटो वगैरे घेतात आणि त्यामुळे रांग वाढू शकते, म्हणून विमानातून उतरल्यावर रेंगाळू नका, आपल्या ग्रुपबरोबरच रांगेत लागा.

पासपोर्टचं फोटोचं पान, व्हिसा, इन्शुरन्स आणि तिकीट यांचे फोटो स्वतःला ईमेल करून ठेवा आणि एक छापील कॉपी दुसऱ्या बॅगेत. नवरा-बायको जाताय तर एकमेकांच्या कॉप्या एकमेकांकडे.

बॅग

ग्रुप टूरमध्ये बॅग तुम्ही दर एक-दोन दिवसांनी उचलता, उघडता, बंद करता, बसच्या पोटात टाकता. विमानात तेवीस किलो चालतात म्हणून तेवीस किलो भरू नका, बऱ्याच जुन्या हॉटेलांत लिफ्ट इतकी लहान असते की एक माणूस आणि एक बॅग एवढंच मावतं आणि चाळीस जण खाली रांगेत असतात. मध्यम बॅग, चांगली चाकं, आणि वर ओळखू येईल असं काहीतरी बांधा, कारण बसखाली सगळ्या काळ्या बॅगा एकसारख्या दिसतात.

पॉवर बँक हँडबॅगेतच, चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही. मर्यादा साधारण १०० वॉट-अवर, म्हणजे नेहमीची वीस हजार एमएएचची पॉवर बँक ७४ च्या आसपास येते आणि चालते. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, आणि निदान चार दिवसांची हँडबॅगेत, बॅग एका दिवसाने उशिरा आली तर कपड्यांवाचून चालतं, गोळ्यांवाचून नाही. हँडबॅगेत एक जोडी कपडे पण ठेवा. वापरलेले, पायाला बसलेले बूट न्या, नवे नकोत, जुन्या शहरांतले दगडी रस्ते नव्या बुटात पहिल्याच दिवशी फोड आणतात. आणि एक मोठा स्कार्फ सगळ्यांनीच न्यावा, सेंट पीटर्स बॅसिलिकात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात आणि मशिदीत बायकांना डोकं झाकावं लागतं, ऐनवेळी रांगेतून परत पाठवतात.

टूर मॅनेजर, लोकल गाइड आणि ड्रायव्हर

ही तीन वेगळी माणसं आहेत आणि हे कळलं की अर्ध्या तक्रारी संपतात. टूर मॅनेजर पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर असतो, हॉटेल, तिकिटं, जेवणं, वेळ, आजारपण, हे त्याचं काम. शहराची माहिती सांगणारा तो लोकल गाइड, दोन-तीन तासांसाठी येतो आणि जातो. इटलीसारख्या देशात स्मारकांमध्ये माहिती सांगायला परवाना लागतो, म्हणून टूर मॅनेजरला सगळं येत असलं तरी तो आत जाऊन बोलू शकत नाही, गप्प उभा राहतो, त्याला आळस समजू नका. लोकल गाइडला मात्र भरपूर विचारा. तो त्या गावात राहणारा माणूस असतो, जवळ बसायला शांत जागा कुठली, संध्याकाळी कुठे जावं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. व्हॅटिकनमध्ये सिस्टिन चॅपलच्या आत गाइड बोलत नाहीत, फोटोही चालत नाहीत, सगळं बाहेर अंगणात चित्रांचे फलक दाखवून आधी समजावतात. तेव्हा बरेच जण फोटो काढण्यात असतात आणि मग आत छतावरच्या चित्रांकडे बघून काही कळत नाही. ती बाहेरची वीस मिनिटं कान देऊन ऐका, मग आत गेल्यावर कुठे बघायचं ते माहीत असतं, मला तिथे अंगावर काटा आला होता तो त्यामुळेच.

कानात लावायचं मशीन देतात, त्याची बॅटरी रोज तपासा, आणि आवाज खरखरायला लागला की समजा तुम्ही गाइडपासून लांब पडताय.

ड्रायव्हरचं थोडं सविस्तर, कारण इथे सगळ्यात जास्त गैरसमज होतात. युरोपात बस ड्रायव्हरला कायद्याने दिवसाला नऊ तासच चालवता येतं, आठवड्यात दोनदा दहा तास. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते, आणि दोन दिवसांच्या मध्ये साधारण अकरा तास आराम. बसमध्ये टॅकोग्राफ नावाचं यंत्र हे सगळं नोंदवतं आणि पोलीस ते तपासतात. म्हणून मध्येच हायवेवरच्या पेट्रोलपंपाजवळ बस थांबते आणि पाऊण तास हलत नाही, तो वेळ वाया घालवणं नाही, तो कायदा आहे. आणि म्हणूनच कुणी सकाळी अर्धा तास उशीर केला तर तो अर्धा तास रात्री वाढवून घेता येत नाही, तो दुपारच्या ठिकाणातून कापला जातो. आमच्या एका टूरवर दोन कुटुंबं रोज उशिरा यायची आणि चौथ्या दिवशी टूर मॅनेजरने स्पष्ट सांगितलं की आता धबधब्याजवळ चाळीस मिनिटांऐवजी पंधरा मिनिटं मिळतील. सगळा ग्रुप हळहळला. तो धबधबा मी धड पाहिलाच नाही.

तर वेळ. जिथे सांगितलंय तिथे पाच मिनिटं आधी उभं राहा, एवढी एक गोष्ट पाळलीत तरी तुम्ही सगळ्यांना हवेसे होता. उतरताना तीन गोष्टी फोनमध्ये, परत किती वाजता, नेमकं कुठे, आणि बसचा नंबर, बसचा आणि भेटायच्या जागेचा एकेक फोटो काढला की झालं. मार्च किंवा ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी टूरवर असाल तर लक्षात ठेवा, त्या रात्री युरोपात घड्याळ एक तास बदलतं. फोन आपोआप बदलतो, हातातलं घड्याळ नाही. मार्चमध्ये आमच्याबरोबरचे एक काका हातातलं घड्याळ बघून निवांत आले आणि एक तास उशीर झालेला होता, बिचारे दिवसभर सगळ्यांची माफी मागत होते.

रोजचा दिवस

सकाळ लवकर असते, उठायची वेळ, नाश्त्याची वेळ आणि निघायची वेळ असे तीन आकडे आदल्या रात्री सांगतात. बॅग रात्रीच भरून ठेवा. नाश्त्याला वेळ सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी जा, नंतर सगळे एकदम येतात. बसमधल्या सीटवरून वाद होतात हे खरंय, रोज बदलायची पद्धत असेल तर ती पाळा, नसेल तर पहिल्याच दिवशी टूर मॅनेजरला सुचवा, ज्यांना बस लागते त्यांनी लाज न बाळगता पुढची सीट मागावी.

मोकळा वेळ ही टूरमधली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे असं मला वाटतं आणि लोक तो दुकानांत घालवतात. प्रत्येक शहरासाठी घरूनच एक, फक्त एक, गोष्ट ठरवून या जी यादीत नाही. एखादा पूल, छोटं चर्च, बाग, नदीकाठची पायरी, काहीही, पण मोकळं सोडतात तिथून पंधरा मिनिटांत चालत पोचता येईल अशी. फ्लोरेन्समध्ये ग्रुप पियाझा देल्ला सिन्योरियाच्या आसपास मोकळा सोडला जातो, तिथून पोन्ते वेक्यो पूल पाच-सात मिनिटांवर आहे. मी आणि आई तिथे फक्त उभ्या होतो, अर्नो नदी बघत, वीस मिनिटं, एकही फोटो नाही काढला. त्या पूर्ण टूरमधलं आईला अजून आठवतं ते तेवढंच.

हवामानावर अवलंबून असलेल्या गोष्टींना वेगळा विचार लागतो. तुर्कीत कापाडोकियातलं, माणसं घेऊन उडणारं बलून पहाटे उडतं आणि वारा असेल तर त्या दिवशीची उड्डाणं थांबवतात, त्यावर कंपनीच्या हातात काही नसतं. तिथे दोन रात्री असतील तर पहिल्याच पहाटेचं बलून घ्या, रद्द झालं तर दुसरी पहाट हातात राहते. आम्ही दुसऱ्या पहाटेचं घेतलं होतं, वारा सुटला, आणि संपलं. स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोखला, म्हणजे बर्फाच्या डोंगरावरच्या उंच रेल्वे स्टेशनला, जायच्या दिवशी सकाळी वरचा वेबकॅम बघा, वर काय दिसतंय ते कळतं, निदान कपडे तरी नीट घालता येतात.

मोठी माणसं बरोबर असतील तर

युंगफ्राउयोखचं स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे, आणि केबल कार-ट्रेनने तुम्ही खालच्या दरीतून दोनेक तासांत तिथे पोचता, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. हवा विरळ असते, डोकं दुखतं, धाप लागते. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर निघायच्या आधी डॉक्टरला ही उंची आकड्यात सांगून विचारा. वर गेल्यावर हळू चाला, पाणी पीत राहा, धावत फोटोला जाऊ नका. आई वर वीस मिनिटांनी म्हणाली की मला बसायचंय, आम्ही खिडकीजवळ बसलो आणि तिथूनच हिमनदी पाहिली, ग्रुप बर्फात गेला होता. मला वाईट नाही वाटलं, तिलाही नाही.

पायी चालणं सगळेच कमी धरतात. शहर बघायच्या दिवशी आठ-दहा किलोमीटर सहज होतात, पायऱ्या वेगळ्या. निघायच्या दोन महिने आधीपासून रोज चालायला लावा, पायऱ्यांसकट. काठी किंवा घडी होणारं छोटं स्टूल न्यायला संकोच करू नका. आणि एखादा अर्धा दिवस सोडून द्यायची परवानगी स्वतःला द्या, सकाळी टूर मॅनेजरला सांगायचं की आम्ही आज हॉटेलवर थांबतो, पैसे परत मिळणार नाहीत, पण उरलेले चार दिवस वाचतात. मात्र त्या दिवशी ग्रुप हॉटेल बदलत नाहीये ना ते बघा.

पैसे आणि फोन

कार्डने पैसे देताना मशीन विचारतं की तुमच्या देशाच्या चलनात घेऊ की इथल्या, नेहमी इथल्या चलनात म्हणा, नाहीतर दर ते लावतात आणि तो महाग पडतो. एटीएमलाही हेच. दोन कार्डं दोन वेगळ्या जागी. स्वित्झर्लंडचं चलन फ्रँक आहे, युरो बऱ्याच ठिकाणी घेतात पण सुट्टे फ्रँकमध्येच परत देतात.

रोमिंग पॅक घेताना देशांची यादी वाचा. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही त्यामुळे काही युरोप पॅकमध्ये ते धरलेलं नसतं, आणि नेमकं तिथेच आपण दोन दिवस असतो.

काही बिघडलं तर

हरवलात तर हलू नका, शेवटचं जिथे ग्रुपबरोबर होतात तिथे उभे राहा आणि टूर मॅनेजरला फोन करा. त्याचा नंबर, हॉटेलचं नाव आणि पत्ता कागदावर लिहून खिशात हवा, फोनची बॅटरी संपते तेव्हाच माणूस हरवतो. युरोपियन युनियनमध्ये कुठेही तातडीचा नंबर ११२ आहे, तो फुकट लागतो.

पासपोर्ट गेला तर आधी पोलीस तक्रार, मग आपला दूतावास, तिथे तात्पुरता कागद मिळतो. ग्रुप तुमच्यासाठी थांबणार नाही, थांबूही शकत नाही, चाळीस जणांची पुढची हॉटेलं ठरलेली असतात. म्हणून गर्दीच्या ठिकाणी पासपोर्ट गळ्यातल्या किंवा कमरेच्या पाउचमध्ये, कपड्यांच्या आत. मेट्रोच्या दारात, मोठ्या स्मारकांच्या रांगेत आणि कुणी मुद्दाम धक्का देतं किंवा कागदावर सही मागतं तेव्हा हात पाउचवर.

आजारी पडलात तर लपवू नका. लोक ग्रुपला त्रास नको म्हणून दोन दिवस सहन करतात आणि तिसऱ्या दिवशी हॉस्पिटल. इन्शुरन्सच्या हेल्पलाइनला डॉक्टरकडे जायच्या आधी किंवा जमेल तितक्या लवकर फोन करा, क्लेम नंबर घ्या, प्रत्येक बिल जपा.

कंपनीबद्दल तक्रार असेल तर तिथेच, त्याच दिवशी, टूर मॅनेजरला शांतपणे सांगा आणि कंपनीला मेसेज किंवा ईमेल करा, फोटोसकट. एकदा आम्हाला ठरलेल्याऐवजी शहरापासून बरंच लांब असलेलं हॉटेल दिलं होतं. ग्रुपमधले लोक आठ दिवस आपापसात कुरकुरत राहिले, परत आल्यावर भांडले आणि काही मिळालं नाही. आम्ही तिघींनी त्याच रात्री ईमेल केला होता, बुकिंगच्या वेळी लिहून घेतलेल्या उत्तरासकट, आम्हाला थोडे पैसे परत मिळाले.

परत येताना

शेवटच्या रात्री बॅगेचं वजन करा. बाटल्या, क्रीम, परफ्यूम चेक-इनच्या बॅगेत, कारण बऱ्याच विमानतळांवर हँडबॅगेत अजून १०० मिलिलीटरची मर्यादा आहे, आणि मध्ये विमान बदलायचं असेल तर तिथे पुन्हा तपासणी होते. टॅक्स रिफंडचे, म्हणजे खरेदीवरचा कर परत मिळवायचे, कागद असतील तर चेक-इनच्या आधी कस्टम्सचं काउंटर गाठायचं, त्यासाठी ग्रुपच्या वेळेपेक्षा लवकर निघता येत नाही, म्हणून विमानतळावर बस थांबली की सगळ्यात आधी तिकडे जा.

बॅग आलीच नाही किंवा फुटून आली तर बेल्टजवळून हलू नका, एअरलाइनच्या काउंटरवर रिपोर्ट लिहून त्याची कॉपी घ्या आणि बोर्डिंग पासवर चिकटवलेलं बॅगेचं टॅग फेकू नका. विमान प्रवासाबद्दलच्या माँट्रियल या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे बॅग मोडली असेल तर ती मिळाल्यापासून सात दिवसांत आणि उशिरा आली असेल तर हातात मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार द्यावी लागते. टूर मॅनेजर तोपर्यंत दुसऱ्या गेटने निघून गेलेला असतो, हे काम आपलं आपणच करायचं, कितीही झोप येत असली तरी घरी जायच्या आधी.